ब्लेड नाही भाऊ, आर्म पाहा

मृग लागायच्या आधी आमच्या तालुक्यातल्या ऑटो पार्टच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक दिसते, वायपरचं ब्लेड मागणारं. दुकानदार विचारतो किती इंची, काउंटरवर दोन ब्लेड ठेवतो, पैसे घेतो, झालं. नव्या गाडीवाल्याचं ठीक आहे, त्याला तेवढंच लागते. पण ज्यांच्या अंगणात अँबेसेडर, पद्मिनी, जुनी जीप असं काही उभं आहे ते लोकही तेच करतात, दरवर्षी ब्लेड नवीन आणि दरवर्षी पहिल्या जोराच्या पावसात मुंडी खिडकीबाहेर काढून गाडी चालवणं चालूच. माझं मत असं आहे का जुन्या गाडीत ब्लेडचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी आर्म पाहा.

आर्म म्हणजे ती दांडी हो, जिच्या टोकाला ब्लेड लटकते. तिच्याकडे कोणी पाहतच नाही कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही, एक पट्टी, एक स्प्रिंग, एक मुंडकं, बस. पण ब्लेडला काचेवर दाबून कोण धरते? आर्मची स्प्रिंग. रबर काचेवर सरळ उभं कोण ठेवते? आर्म. आणि मोटरची ताकद ब्लेडपर्यंत कोण नेते, परत आर्मच. मग चाळीस वर्षं तीच दांडी उन्हातान्हात उभी आहे आणि आपण तिच्या टोकाचं रबर बदलून समाधान मानतो, याला काय म्हणावं.

आमच्याकडची गाडी मार्क फोर अँबेसेडर, 1984 ची, पेट्रोल. आबाजींनी घेतली, तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, त्याचे पैसे म्हणजे चुकारे हप्त्या-हप्त्यानं यायचे आणि अशाच एका बऱ्या वर्षाच्या चुकाऱ्यात थोडे उसने घालून गाडी अंगणात आली असं घरात सांगतात. आता रोजच्या कामाला बाइक आहे, भावाची बोलेरो आहे, पण लग्नाचा सिझन असला, यवतमाळला दवाखान्यात न्यायचं असलं, महालक्ष्म्यांना बहिणींना आणायचं असलं का हीच निघते. आमच्या दारव्ह्याची शकुंतला रेल्वे बंद पडली, रुळात गवत वाढलं, अँबी मात्र चालू आहे.

हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1957 पासून काढली ती थेट मे 2014 पर्यंत, आणि मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचा. मधे मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, नोव्हा अशी नावं बदलली, पुढची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, पण आतला सांगाडा तोच. म्हणून हिच्या वायपरची यंत्रणाही जुन्या इंग्रजी गाड्यांच्या पद्धतीची आहे, आणि ती एकदा समजून घेतली का अर्धं काम घरीच होते.

ते असं आहे. वायपरच्या मोटरमधून एक लवचिक स्टीलची केबल निघते, तिच्यावर जाड तार वेटोळं घालून गुंडाळलेली असते, तिला रॅक म्हणतात. मोटर गोल फिरते पण तिच्या आतल्या क्रँकमुळे रॅक पुढं-मागं सरकते, नळीतून डॅशबोर्डामागं जाते, आणि काचेखाली दोन ठिकाणी छोट्या डब्या असतात, व्हीलबॉक्स, त्यात एकेक दातेरी चाक. रॅक सरकली का चाक थोडं इकडं फिरते थोडं तिकडं फिरते. त्याच चाकाचा शाफ्ट बॉनेटच्या मागं पत्र्यातून वर येतो आणि त्याच्यावर आर्म बसतो. आता शाफ्टच्या टोकाला बारीक उभे दाते असतात, आर्मच्या मुंडक्यात आतून तसेच दाते, दाबून बसवायचा, आतली पत्र्याची क्लिप शाफ्टच्या खाचेत अडकते, संपलं. माझ्या गाडीला नट नाही, बोल्ट नाही. जीपमधे मी नटवाले आर्म पाहिले आहेत, तिथं कोनावरचे दाते असतात आणि वरून नट कसतो, ते जास्त भरवशाचं वाटते पण नट गंजला का मग तोही रडवतो.

आणि यात एक गोष्ट ज्यानं केली त्याची हुशारी आहे. शाफ्ट पोलादाचा, मुंडकं त्यापेक्षा नरम धातूचं ओतलेलं. दोघांची झटापट झाली तर मरते ते मुंडकं, शाफ्ट वाचतो. बरंच आहे ते, कारण आर्म वरच्या वर बदलता येतो, शाफ्ट बदलायचा म्हटलं तर डॅशबोर्डाखाली उताणं पडून, मान वाकडी करून, तोंडावर चाळीस वर्षांची धूळ घेत काम करा.

आमच्या गाडीचं मागच्या जुलैमधे झालं. यवतमाळहून येत होतो, आई मागं बसलेली, आभाळ एकदम काळंकुट्ट झालं आणि असा पाऊस सुरू झाला का समोरचा ट्रॅक्टर दिसेना. डाव्या बाजूचा वायपर बरोबर फिरून राहिला आणि माझ्या बाजूचा अर्ध्यात जाऊन थांबतो, थरथरतो, मग परत खाली. पाणी जेवढं जास्त तेवढा तो कमी चढे. नाल्याच्या रपट्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, रपट्यावरून पाणी जात होतं त्यामुळे तसंही थांबावंच लागलं असतं, आई म्हणे बरं झालं देवानंच थांबवलं. मी म्हटलं देवाला वायपरच सापडला का.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली. माझ्या डोक्यात मोटर गेली असं बसलेलं. मिस्त्रीनं मोटरला हातही लावला नाही. काचेवर मग्गाभर पाणी मारलं, स्विच चालू करायला सांगितला आणि आर्म अंगठ्यानं अलगद अडवून धरला, मग मला वाकून पाहायला लावलं, मुंडक्याच्या खाली पत्र्यातून शाफ्टचा जो पाऊण इंच भाग दिसतो तिथं.

‘हे पाहा जी, खालून शाफ्ट फिरून रायला अन् वरून आर्म हालत नाई. मोटर चांगली, रॅक चांगली. आर्मचे दाते गेले तुमच्या. आता याले सोन्याचं ब्लेड लावा, काई होत नाई.’

खरंच, सैल बांगडी मनगटात फिरावी तसा आर्म शाफ्टवर फिरत होता. ओढून काढला तर हातानंच निघून आला, क्लिपनं काही धरलंच नव्हतं, आणि मुंडकं उन्हात धरून आत पाहिलं तर दात्यांच्या जागी गुळगुळीत चकचकीत भोक, तळाला राखाडी भुकटी जमलेली. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. शाफ्ट फिरतो आणि आर्म फिरत नाही, तर मुंडकं गेलं. एका बाजूचा शाफ्टच फिरत नाही आणि दुसऱ्या बाजूचा फिरतो, तर त्या बाजूच्या व्हीलबॉक्सचे दाते झिजले. दोन्ही थंड आणि मोटरचा नुसता गुर्रर्र आवाज, तर रॅक अडकली किंवा मोटरच्या आतला गिअर गेला. फक्त आर्म जास्त वेळ अडवून ठेवू नका, मोटर तापते आणि मग खरंच मोटर बदलायची पाळी येते.

दुसरी परीक्षा स्प्रिंगची. दाते चांगले असूनही वायपर पाण्यावर नुसता तरंगत असेल, पन्नासच्या वर स्पीड गेला का वाऱ्यानं उचलला जात असेल, तर स्प्रिंग मेली. भाजी तोलायचा छोटा स्प्रिंगकाटा असते ना, त्याचा हूक आर्मच्या टोकाला अडकवून सरळ वर ओढायचं आणि ब्लेड काच सोडते तेव्हा काटा किती दाखवते ते पाहायचं. मोघम हिशेब असा का रबराच्या दर सेंटीमीटरला 15 ग्रॅमच्या आसपास दाब पाहिजे, म्हणजे 30 सेंटीमीटरच्या ब्लेडला साडेचारशे ग्रॅम. माझा जुना आर्म त्याच्या निम्म्यावरही जात नव्हता. काही लोक स्प्रिंग कापून, पीळ देऊन, वरून रबरबँड बांधून चालवतात, आमच्या गावात एका जीपला तर सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं मी पाहिलं आहे आणि ती चालतेही, पण लग्नाच्या गाडीला ट्यूब बांधलेली चांगली दिसत नाही असं घरच्यांचं म्हणणं पडलं.

मग आर्म शोधणं आलं, आणि खरी मेहनत इथं आहे. दारव्ह्यात विचारलं तर दुकानदार हसला, ‘अँबेसेडरचा? आता कोण ठेवते भाऊ.’ यवतमाळला एकानं दाखवला तो बसलाही शाफ्टवर, मस्त टक् करून बसला, पण हातानं फिरवला तर फिरला. इथं लोक फसतात. भोकाचा व्यास जुळला म्हणजे आर्म जुळला असं नाही, दाते किती बारीक आहेत ते जुळलं पाहिजे. दाते नाही जुळले तर नवा आर्म पहिल्या पावसातच स्वतःचे दाते स्वतः खाऊन टाकतो. म्हणून दुकानात गाडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, जुना आर्म खिशात घालून न्यायचा. चाळीस वर्षांत कोणत्या मिस्त्रीनं त्या शाफ्टवर कोणत्या गाडीचा आर्म ठोकला असेल याचा काय भरवसा, तुमच्या गाडीत आत्ता जे आहे त्याचं माप घ्या.

मापं चार. व्हर्नियरनं शाफ्टचा व्यास, गावात व्हर्नियर नसेल तर आयटीआयला जाणाऱ्या कोण्या पोराकडे नक्की असते. शाफ्टच्या मधापासून ब्लेडच्या हुकापर्यंत आर्मची लांबी. ब्लेड अडकते त्या टोकाची रुंदी आणि प्रकार, जुन्या आर्मला चपटं पातं असते, नव्यांना वाकडा हूक, दोन्हीचे ब्लेड वेगळे. आणि चौथं म्हणजे वाक. डावा-उजवा आर्म दिसायला एकच वाटतात पण दांडीला जो थोडा बाक दिलेला असते तो दोन्हींचा वेगळा, आणि डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाड्यांचा आणखी वेगळा. मला एका ऑनलाइन दुकानानं जोडी म्हणून दोन्ही डावेच पाठवले. परत पाठवा म्हटलं तर म्हणे सर दोन्ही सेमच असतात. नाही ना बाप्पा सेम, टेबलावर बाजू-बाजूला ठेवून पाहा ना एकदा.

शेवटी कोलकात्याहून आले. तिथला मल्लिक बाजार जुन्या गाड्यांच्या पार्टसाठी नावाजलेला, आणि अँबेसेडर तर तिकडचीच पोरगी, टॅक्सीत वर्षानुवर्षं धावली, त्यामुळे तिचा माल तिकडं अजून निघतो. दिल्लीच्या कश्मीरी गेटलाही मिळतात. आता जायची गरज नाही, ओळखीतून एखादा व्हॉट्सॅप नंबर मिळाला का पट्टी बाजूला ठेवून जुन्या आर्मचे फोटो पाठवायचे, एक वरून, एक बाजूनं, एक मुंडक्याच्या आत. तो माणूस हिंदीत विचारतो, आपण हिंदीत सांगतो, दोघांचीही हिंदी अशीतशीच, पण काम होते. चमकणारे क्रोमचे आणि काळे असे दोन प्रकार त्यानं दाखवले. क्रोमचे जास्त सुंदर दिसतात यात वादच नाही, पण आमच्याकडच्या उन्हात दुपारी त्याची चमक सरळ डोळ्यात येते, कंपन्यांनी काळा मॅट रंग मागाहून त्याच कारणानं आणला, म्हणून काळे घेतले. भाऊ नाराज आहे, त्याला क्रोमच पाहिजे होते.

मधेच एक सांगून टाकतो, वायपरचं पहिलं चालणारं पेटंट 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईनं घेतलं. न्यूयॉर्कमधे ट्रामच्या ड्रायव्हरला बर्फात काच उघडून बघत चालवताना तिनं पाहिलं आणि आतून हातानं दांडा ओढायचा, बाहेर रबर काचेवर फिरते असं बनवलं. आर्म परत काचेवर दाबायला त्यातही स्प्रिंगची सोय होती. कॅनडाच्या एका कंपनीला विकायला गेली तर ते म्हणाले याला काही धंदेवाईक किंमत नाही. पेटंटची मुदत संपली आणि मग सगळ्या गाड्यांना वायपर लागले, बाईला एक पैसा मिळाला नाही. आपल्याकडे कापूस विकून झाल्यावर भाव वाढतो, त्याच जातीचं नशीब.

तर बदलायचं काम. नवतपा संपत आला होता, सकाळचं सातचंच ऊन असं का पत्र्याला हात लावला तर चटका, म्हणून गाडी लिंबाखाली घेतली. डावा आर्म शिल्लक होता, उजवा तर हातानंच निघत होता. डाव्याचे दाते बरे होते पण स्प्रिंग त्याचीही मेलेली, आणि बदलायचे तर जोडीनं बदलावे, नाहीतर एक नवा जोरात दाबते आणि दुसरा नुसता लाड करते काचेचे.

काम सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. एक म्हणजे वायपर चालू करून बंद करायचा, म्हणजे दोन्ही आर्म आपल्या झोपायच्या जागी येऊन बसतात, आणि मग काचेवर ब्लेडच्या बाजूनं टेपची पट्टी चिकटवायची. नंतर नवा आर्म कोणत्या कोनात बसवायचा ते या पट्टीवरून कळते. ओली काच करूनच चालवायचा हे सांगायला नको, कोरड्या धुळीच्या काचेवर वायपर फिरवणं म्हणजे काचेवर कानस फिरवणं, आणि आमच्याकडची मे महिन्याची धूळ तर विचारूच नका. दुसरं म्हणजे काचेवर जाडा दुपट्टा घडी करून ठेवायचा. ब्लेड काढलेला आर्म हातातून सुटला तर स्प्रिंगच्या जोरानं लोखंडी टोक सरळ काचेवर आपटते. जुनी टफन काच एका कोपऱ्याला ठोका बसला का सगळीच्या सगळी तांदळाएवढ्या तुकड्यांत खाली येते, आणि अँबेसेडरची काच शोधणं हे आर्म शोधण्यापेक्षा फार वरचं काम आहे.

डावा आर्म हलेना. गंजाचा तपकिरी थर मुंडकं आणि शाफ्टच्या मधे इतका घट्ट बसला होता का दोन वेगळे भाग आहेत हेच कळेना. गंज सोडवायच्या स्प्रेचा, डब्ल्यूडी फॉर्टीचा डबा होता पण रिकामा, मग डिझेलमधे थोडं इंजिन ऑइल कालवून ड्रॉपरनं सोडलं, तेही चालते, फक्त वेळ द्यावा लागते. तेवढ्यात चहा झाला, तर्री-पोहे झाले, भाऊ येऊन क्रोमच्या आर्मचं परत एकदा बोलून गेला. मग आर्म काचेवरून उचलून धरला, मुंडक्याच्या काठाखाली पेचकसाचं बारीक टोक घातलं आणि क्लिप वर उचलली, क्लिप सुटल्याचा अगदी बारीक टिक् आवाज येतो, तो ऐकू आल्याशिवाय जोर लावायचा नाही.

इथं बहुतेक लोक एकाच बाजूनं मोठा पेचकस घालून उचकटतात. त्यानं तीन गोष्टी होतात, पत्र्याला खड्डा पडतो, शाफ्ट वाकतो, नाहीतर व्हीलबॉक्सचं रबर फाटते आणि मग पावसाचं पाणी सरळ डॅशबोर्डात. दोन पेचकस घ्या, दोन्ही बाजूंनी समोरासमोर, खाली लाकडाच्या चपट्या चिपा ठेवा आणि दोन्ही एकाच वेळी थोडं थोडं उचला. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरीचे टर्मिनल काढायचा छोटा पुलर येते ना, दोन पायांचा, तो इथं बरोबर बसतो. माझा पुलरनंच निघाला, निघताना असा कर्रकर्र आवाज केला का लिंबावरचे कावळे उडाले.

आर्म निघाल्यावर शाफ्टचे दाते नीट पाहून घ्या. जुन्या टूथब्रशनं आणि रॉकेलनं घासले, दात्यांत जुन्या मुंडक्याची राखाडी भुकटी घट्ट बसलेली होती, ती सुईनं एकेक करून काढली. ती राहिली तर नवा आर्म पूर्ण खाली बसत नाही, क्लिप खाचेत जात नाही आणि एक दिवस हायवेवर आर्म उडून मागच्या गाडीवर. शाफ्ट पत्र्यातून येतो तिथं तेलाचा थेंब सोडला, दात्यांना गिरीसचं नुसतं बोट लावलं.

मग आर्म न लावताच स्विच एकदा चालू करून बंद केला. शाफ्ट नक्की आपल्या झोपायच्या जागी आला पाहिजे, मधेच थांबलेल्या शाफ्टवर आर्म बसवला तर तो किंवा बॉनेटवर आपटते किंवा काचेच्या रबरी बिडिंगवर चढते. नवा आर्म टेपच्या रेषेत धरला, दात्यांवर बोटानं टेकवला, आणि आधी नुसता अर्धा दाबला. ओल्या काचेवर एक फेरी पाहिली. उजवा वरती बिडिंगला जरासा लागत होता, काढून एक दाता खाली सरकवला, परत पाहिलं, मग तळहातानं पूर्ण दाबून क्लिप बसवली. क्लिप बसली का नाही ते आर्म वर ओढून पाहायचं, लाजायचं नाही. दोन्ही बाजूंचे आर्म एकाच मापानं खाली-वर असतील, म्हणजे दोघांचीही झोपायची जागाच वर सरकली असेल, तर आर्मशी झटू नका, माझ्या मोटरच्या गिअरबॉक्सवर एक गोल टोपी आहे, ती थोडी फिरवली का झोपायची जागाच बदलते.

सगळं बसलं तरी एक कटकट राहिली, खरोखरची कटकट, ब्लेड वर जाताना गुळगुळीत जाय आणि खाली येताना काचेवर कट्-कट्-कट् उड्या मारे. रबर नवीन होतं. याचं कारण रबराची धार. धार जाताना एका बाजूला कलते आणि येताना दुसऱ्या बाजूला पलटली पाहिजे, त्यासाठी ब्लेड काचेला काटकोनात उभं पाहिजे. आर्मला थोडासाही पीळ असला तर धार एका दिशेनं ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेनं ढकलली जाते, ढकलली गेली का उड्या. ब्लेड काढून, आर्मचं टोक दोन पकडींत कापड गुंडाळून धरलं आणि अगदी केसभर पिळलं. परत लावलं, परत पाणी मारलं, गेला आवाज. कोलकात्याचा माल कुरिअरच्या पोत्यात दबून आला असेल, दुसरं काय. पण हे काम आर्म शाफ्टवर असताना करू नका, सगळा पीळ त्या नवीन दात्यांवर जातो.

आता निगा. आमच्याकडे वायपर पावसानं नाही मरत, उन्हानं मरते. एप्रिल-मे मधे 45 च्या वर पारा, रबर काचेला चिकटते, कडक होते, आणि जून मधे पहिल्यांदा स्विच दाबला का चिकटलेल्या ब्लेडला ओढताना सगळा झटका कोणावर, मुंडक्याच्या दात्यांवर. म्हणून होळी झाली का मी ब्लेड काढून घरात खिळ्याला टांगतो आणि आर्मच्या टोकांना कापडाची चिंधी बांधतो. गाडी कुठं नेली तर लोक विचारतात हिच्या हाताला काय लागलं.

आणि पहिल्या पावसानंतर रात्री जे पंखवाले किडे निघतात, दिव्यांवर येतात ते, ते काचेवर आपटले का चुकूनही वायपर चालवू नका. सगळी काच दुधाळ होते आणि समोरून येणारा ट्रक म्हणजे नुसता उजेड. थांबा, पाणी मारा, रद्दी पेपरनं पुसा. जुने एसटीचे ड्रायव्हर काचेवर ओला तंबाखू चोळायचे, पाणी काचेवर थेंब-थेंब न राहता पसरते आणि सरकून जाते, ते खरं आहे, वायपर बंद पडल्यावर मीही करून पाहिलं आहे. फक्त तंबाखू चोळा, खर्रा चोळू नका. आमच्या पुतण्यानं घाईत पुडीच चोळली, तिच्यातल्या सुपारीचे ओरखडे आजही काचेवर आहेत, उन्हं तिरपी आली का दिसतात.

व्हीलबॉक्सचं एक राहिलं. ते दातेरी चाक पूर्ण गोल कधीच फिरत नाही, थोडं इकडं थोडं तिकडं, त्यामुळे त्याचे अर्धेच दाते झिजतात आणि उरलेले कोरे करकरीत असतात. व्हीलबॉक्स उघडलाच तर चाक अर्धा वळसा फिरवून कोऱ्या दात्यांवर रॅक बसवा, नवीन व्हीलबॉक्सचे पैसे वाचतात, आणि रॅकला नवं गिरीस द्या, जुनं वाळून मेण झालेलं असते आणि मोटरचा निम्मा जीव त्यातच जातो. माझ्या गाडीचं हे मी सोयाबीन निघाल्यावर करीन, आता हातात वेळ नाही. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनसाठी तपासणी, आमची पुढच्या वर्षी आहे, तोपर्यंत झालं पाहिजे.

त्याच्या आधी हॉर्न. सध्या स्टिअरिंग डावीकडं पूर्ण कापलं का तो आपोआप वाजते, आणि आमच्या गल्लीत शिरताना डावीकडंच कापावं लागते. शेजारच्या काकाजींनी निरोप पाठवला आहे का पोळ्याच्या आधी ते नीट कर, बैल बिथरतात.